घरात नको

मल्लेश्वरम, बेंगलोर, ९ जानेवारी २०२५

सुखदा,

वर आधी 'चि. सौ.' लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला. तुला आशीर्वाद द्यायचा हक्क मला राहिलाय की नाही, ठाऊक नाही. फोनवर निरोप टाकला तर एकच टिक येते आणि तशीच राहते. म्हणून पोस्टानं लिहिते. पोस्टमनला तरी तू अडवलं नसशील.

कामाचंच आहे. आपल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या घरवाचन यादीसाठी यंदा एकतीस पुस्तकं आलीत आणि ती सगळी मी एकटी वाचते आहे. तू होतीस तेव्हा निम्मी तुझ्याकडं व्हाइटफील्डला जायची, निम्मी माझ्याकडं राहायची आणि महिन्यानं अदलाबदल व्हायची. तू तुझ्या निहारला वाचून दाखवायचीस आणि कडेला पेन्सिलीनं लिहायचीस, 'पान नऊ. निहार पाणी प्यायला उठला.' माझ्या दोन परिच्छेदांत मावायचं नाही एवढं परीक्षण त्या एका ओळीत असायचं. हे मी तुला कधी बोलले नाही.

मोठ्यानं वाचल्याशिवाय पुस्तक कळत नाही, हा नियम आपणच केला. हे गेल्यापासून माझ्या घरी ऐकायला कुणी नाही, तरी मी स्वयंपाकघरात बसून मोठ्यानंच वाचते. खालच्या मजल्यावरची भव्या परवा वर आली आणि म्हणाली, "अक्का, पाहुणे आलेत का? आवाज येतोय." तिला काय सांगणार, पुस्तकातला हत्ती आलाय म्हणून?

दमले ग. एका पुस्तकात आजोबा मरून तारा होतात, दुसऱ्यातही होतात, तिसऱ्यात आजी होते. आकाशात आता जागा उरली नाही. अकरा पुस्तकांत मुलं शेवटच्या पानावर शहाणी होतात. एकाचा टाइप एवढा बारीक की आजीनं नातवाला वाचून दाखवायचं म्हटलं तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं लागेल.

कल्लाप्पाण्णांनी अध्यक्ष म्हणून हुकूम सोडलाय की पुण्यामुंबईकडून नवे लोक फार आलेत, त्यांच्यासाठी यादीचे शेरे पुन्हा नीट समजावून छापा. म्हणून काल लिहून काढले. 'सगळ्यांनी मिळून.' 'आधी मोठ्यांनी.' 'घरात नको.' तिसरा लिहिताना हात थांबला.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणावर मी लिहिणार नव्हते. पण एकदा सांगते आणि सोडते. ते निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक, आई अंथरुणावरून उठत नाही त्या मुलीचं, तू 'सगळ्यांनी मिळून' ठरवलंस आणि मी तुझं परीक्षण काढून 'घरात नको' छापलं. यादीची शेवटची जबाबदारी माझी होती. बैठकीत सगळ्यांसमोर तू विचारलंस, "अक्का, तुम्ही हे पुस्तक वाचलंत का?" मी म्हटलं, वाचलं. आजही तेच सांगते.

आणि त्याच्या आदल्या वर्षी तू तीन आठवडे दवाखान्यात होतीस, हे मंडळात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. जो विचारेल त्याला मी 'पुण्याला माहेरी गेली आहे' असं सांगितलं. तुझी गोष्ट मी राखली. एवढं तरी तू लक्षात घ्यायला हवं होतंस.

उत्तराची अपेक्षा नाही.

शालन

•

२ फेब्रुवारी

सुखदा,

तुझं उत्तर नाही. सरी, ठीक आहे. मी तसंच लिहिलं होतं.

काल शनिवारी आठव्या क्रॉसवरच्या मंडळाच्या खोलीत पुस्तकांची कपाटं उघडून बसले होते. एक नवा माणूस आला. शंतनु म्हणून, नागपूरचा, दीड वर्षापूर्वी इथं नोकरीला आलेला. बरोबर आठ वर्षांची मुलगी, स्वानंदी. ती थेट कपाटाशी गेली आणि तो माझ्याशी बोलण्याऐवजी टेबलावरच्या रजिस्टरशीच बोलत राहिला.

"काकू, घरी रोज वाचून दाखवायला काहीतरी हवंय. आधी तिची आई वाचायची. मला तेवढं जमत नाही."

"आई कुठं आहे?"

"नागपूरला," तो म्हणाला. मग मुलीकडं बघून आवाज खाली आणला. "नागपूरला नाही. इथंच आहे, दवाखान्यात. शरीराचं काही नाही. म्हणजे... डोक्याचं. मनाचं. हिला नागपूरला गेली म्हणून सांगितलंय."

मी त्याला यादीतलं पहिल्या नंबरचं पुस्तक दिलं. हत्तीचं. सगळ्यांनी मिळून. घरात हशा पिकेल, असं मीच त्याच्याखाली लिहिलंय.

आज सकाळी तो दारात उभा. मंडळाच्या कागदावर पत्ता होता तो बघून आला होता. हातात हत्ती.

"चांगलं आहे काकू, पण तिनं मधेच बंद केलं. विचारते, ह्या पिल्लाची आई रोज घरी कशी असते?" मग म्हणाला, "तिला कळलंय. आई नागपूरला नाही हे. नागपूरच्या आजीला तिनं महिन्यापूर्वीच फोन करून विचारलं होतं, मला काल रात्री समजलं. तेव्हापासून आईचं ती मला काही विचारतच नाही. आपली शाळेत जाते, येते, जेवते. असलं काही पुस्तक असतं का? ह्या विषयावर?"

मी म्हटलं, बघते.

तो गेल्यावर चहा केला तो तसाच गार झाला. असलं पुस्तक असतं का, म्हणे. ते निळं पुस्तक कपाटात नव्हतं. दोन वर्षं माझ्या घरी आहे, गव्हाच्या डब्यामागं. मंडळाच्या मालकीचं पुस्तक मी तिथं का ठेवलं, ह्याचं कारण कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आज एवढंच.

शालन

•

१६ फेब्रुवारी

सुखदा,

मी खोटं बोलले. तेव्हाही आणि गेल्या महिन्यातल्या पत्रातही. मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. पान अकरापर्यंत वाचलं होतं, पुढं नाही.

चौदा वर्षं लोकांना सांगत आले की पुरतं वाचल्याशिवाय शेरा देऊ नये. आणि एका पुस्तकाला, तू निवडलेल्या पुस्तकाला, अकरा पानांवर शिक्षा दिली. त्यात तू आहेस म्हणून मी ते नाकारलं, असं तुला वाटलं असणार. तसं वाटणारच, मी छापलंच होतं तसं: 'आजारी मनाच्या गोष्टी मुलांच्या कानांवर कशाला? घर ही हसण्याची जागा आहे.' तुझ्या घरात आदल्या वर्षी काय घडलं होतं हे मला माहीत असताना. सुखदा, लिहिताना तू माझ्या मनातही नव्हतीस. ही माफी नव्हे, उलट आणखी वाईट आहे.

पान अकरावर ती मुलगी शाळेत जायच्या आधी आईचे केस विंचरते. आई भिंतीकडं तोंड करून बसलेली. मुलगी विचारते, "दुखतंय का?" आणि आई मानसुद्धा हलवत नाही.

मी नऊ वर्षांची होते. निपाणीच्या घरात मागच्या खोलीत माझी आई अशीच बसायची. आत्या म्हणायची, नजर लागलीय. शेजारचे आणखी काही म्हणायचे. सकाळी मी तिचे केस विंचरायचे, कारण कुणीतरी विंचरायला हवे होते. मग एक दिवस शाळेतून आले तर खोली धुतलेली. मामाकडं नेलं म्हणाले, घटप्रभेच्या पलीकडं. दिवाळीच्या सुमारास सांगितलं, गेली. दिवस मामांनी तिकडंच केले. पुढच्या उन्हाळ्यात बाबांचं दुसरं लग्न झालं. घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. ह्यांना चाळीस वर्षांच्या संसारात एवढंच माहीत होतं की मला सावत्र आई आहे.

तर गेल्या रविवारी, सकाळी आंघोळ झाल्यावर, डब्यामागून ते पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला बसले. पान अकरावर थांबले. पाणी प्याले. पुन्हा वाचलं. पुढं चौसष्टपर्यंत गेले.

आता परीक्षकाचं ऐक. मधली सहा पानं डॉक्टर बोलतो, ती गोष्ट नव्हे, ते माहितीपत्रक आहे. मामा नावाचं पात्र कशाला आहे, लेखकालाही ठाऊक नसावं. पण शेवट खरा आहे. आई बरी होत नाही. फक्त एक दिवस उठून "चहा करू का?" विचारते आणि मुलीला तो चहा कडू लागतो तरी ती पिते. मुलीला कुणी शहाणं करत नाही. तुझं म्हणणं बरोबर होतं.

काल शंतनुला दिलं. म्हटलं, "आधी तू वाच. एकट्यानं. मग तिला."

आता मागणं. तुझं ते परीक्षण माझ्याकडं आहे. 'आमच्या घरी हे पुस्तक सात वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी निहारनं विचारलं, आई, तू पण भिंतीकडं बघायचीस का? मी हो म्हटलं. त्या रात्री तो पहिल्यांदा स्वतःच्या खोलीत झोपला.' चौदा वर्षांत ह्याहून चांगलं परीक्षण यादीत आलं नाही. पाडव्याच्या अंकात ते छापू का? तुझ्या नावानं, खाली माझी माफी.

तुझ्या होकाराशिवाय एक अक्षर छापणार नाही.

शालन

•

९ मार्च

सुखदा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, पण तुझ्या अक्षरातल्या.

'अक्का, नका छापू. निहारला विचारलं. तो आता अकरा वर्षांचा आहे, वर्गातली मुलं वाचतील म्हणाला. आणि ते परीक्षण आमच्या घराचं होतं. तुम्ही तुमच्या घराचं लिहा.'

बरोबर आहे. तुझी कथा मागताना मला वाटलं होतं की मी तुझा मान राखते आहे. पण पुन्हा तुलाच पुढं करून मी आपली मागच्या खोलीत बसणार होते.

तर लिहिलं. दोन आठवडे लागले. एवढा वेळ मला कुठल्या पुस्तकाला लागला नाही. परवा बैठकीत वाचून दाखवलं. कल्लाप्पाण्णा घसा खाकरून म्हणाले, "अक्का, पुस्तकाचा शेरा बदलायचा तर बदला की. दुसरी आवृत्ती समजू. पण हे घरचं कशाला? निपाणीची निम्मी माणसं आपली यादी वाचतात. तुमच्या बाबांना ओळखणारे आहेत अजून. स्वल्प विचार करा."

"विचार पन्नास वर्षं केला, अण्णा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. न वाचता शेरा दिला हे मी लिहिलंय, त्याचं तुम्हाला काही नाही. आई आजारी होती ह्याचं आहे."

वाईट माणूस नव्हे. निघताना जिन्यात म्हणाले, "माझा धाकटा भाऊ असाच होता. बेळगावच्या घरी." आणि चप्पल घालून निघून गेले. छापायला मात्र त्यांनीच दिलं.

शंतनु काल आला होता. पुस्तक आणलं नाही, आणखी पंधरा दिवस मागितले. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, "काकू, पान अकरावर ती थांबली. म्हणाली, बाबा, आपली आई खिडकीकडं बसायची, भिंतीकडं नाही. एवढंच म्हणाली. मग दोघंही रडलो. माझा तर स्वयंपाकच राहिला, बाहेरून मागवलं." दर रविवारी आता तो तिला दवाखान्यात नेतो. पहिल्या रविवारी आई तिच्याशी बोललीच नाही. दुसऱ्या रविवारी तिची वेणी कुणी घातली ते विचारलं. बाबांनी, असं सांगितल्यावर म्हणे ती हसली, वेणी इतकी वाईट होती.

बरी होईल असं मी त्याला म्हटलं नाही. मला काय ठाऊक.

यादीचं काम पाडव्यानंतर सोडते आहे. रागानं नव्हे, डोळे आणि आवाज दोन्ही थकलेत. तू परत घ्यावंस असं सुचवत नाही. ते मंडळ बघून घेईल.

शालन

•

४ एप्रिल

सुखदा,

पाडव्याला यादी निघाली. तुला गेली असेल किंवा नसेल, म्हणून माझा मजकूर इथं उतरवते. लहानच आहे.

'दोन वर्षांपूर्वी ह्या पुस्तकाला मी "घरात नको" म्हटलं. तेव्हा मी ते पुरतं वाचलं नव्हतं. माझी आई अशीच आजारी होती. मी तिचे केस विंचरायचे. १९७३ साली ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिला काय झालं होतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे पुस्तक तेव्हा असतं आणि कुणी मला वाचून दाखवलं असतं, तर मी विचारलं असतं. शेरा: सगळ्यांनी मिळून.'

अपेक्षेपेक्षा कमी गडबड झाली. दोन फोन चिडून आले, एक बाई काही न बोलता नुसती रडली आणि तिनं फोन ठेवला. पुस्तकाला आता नऊ घरांची रांग आहे.

आणि परवा दुपारी निपाणीहून विलासदादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला कुणीतरी यादी फोनवर धाडली होती. एरवी त्याचा फोन भाऊबीजेला आणि कुणी वारलं तर.

"वाचलं," म्हणाला.

"रागावलास?"

"नाही." मग म्हणाला, "शालू, त्यात एक चूक आहे."

मला वाटलं, शुद्धलेखनाची काढतोय. मास्तर होता ना.

"आई त्र्याहत्तर साली गेली असं लिहिलंस. ती पंच्याऐंशीत गेली."

सुखदा, पंच्याऐंशीत. माझं लग्न चौऱ्याऐंशीत झालं. मी इथं बेंगलोरात येऊन संसार मांडला, पडदे शिवले, चिकपेटला जाऊन तिळाच्या तेलाचा डबा आणला, तेव्हा ती होती. मामाच्या घरी, सोप्याला लागून असलेल्या खोलीत.

दादा सांगत गेला. बाबांना दुसरं लग्न करायचं होतं. आई आहे असं मला कळलं असतं तर मी नव्या आईजवळ गेले नसते, तिकडंच जायचा हट्ट धरला असता, म्हणून ती गेली असं मला सांगायचं ठरलं. तो तेव्हा पंधराचा होता. त्याला शपथ घातली. तो वर्षातून निदान दोनदा सायकलनं, मग एसटीनं जाऊन यायचा. कधी ती ओळखायची, कधी नाही.

"मी मोठी झाल्यावर का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. दर वर्षी. मग ती गेली. मग वाटलं, आता काय सांगायचं."

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं, पण तो सदुसष्ट वर्षांचा, दम्याचा. मी पंधरा वर्षांच्या मुलावर ओरडणार होते का? आणि खरं सांगू? त्यानं जे केलं ते मला ओळखीचं वाटलं. पुण्याला गेली आहे. नागपूरला गेली आहे. मामाकडं गेली आहे.

उद्या सकाळच्या बसनं निपाणीला निघते. परवा दादा मला त्या गावी नेणार आहे. मामाचं घर विकलं गेलंय, पण आताचे लोक बघू देतात म्हणाला. तिथं जाऊन काय करायचं, मला ठाऊक नाही. बघून येते.

आल्यावर व्हाइटफील्डला येऊ का? मॅजेस्टिकला गाडी बदलली की तासाभराचं काम आहे, दोन वर्षांत मी ते केलं नाही. नाही म्हटलंस तरी समजेन. निहारला विचारून सांग.

एक राहिलं. फोन ठेवायच्या आधी दादा म्हणाला, माझ्या लग्नानंतर आठवड्यानं तो तिकडं गेला होता, लग्नातले लाडू घेऊन. त्या दिवशी तिला ओळख होती. शालूचं लग्न झालं म्हटल्यावर तिनं एक लाडू खाल्ला आणि बाकीचे पदरात बांधले. म्हणाली, शालू शाळेतून आली की देते.

मी विचारलं, "मग?"

दादा म्हणाला, "मग काय. महिन्याभरानं गेलो तर तसेच होते. मुंग्या लागल्या होत्या. ती काही कुणाला हात लावू देईना."

शालन